जुगारघराच्या दारातला कुत्रा

खूप जुनी गोष्ट आहे, इतकी जुनी की त्या राज्याचं नाव आता कोणालाच आठवत नाही. तिथे डोंगराच्या कुशीत एक मेंढपाळ आणि त्याची बायको राहत. त्यांच्याकडे बहात्तर मेंढरं होती, आणि मेंढरांशिवाय दुसरं काही म्हणजे काहीच नव्हतं.

मेंढपाळाच्या अंगात एक कसब होतं. संध्याकाळी मेंढरं धक्काबुक्की करत कुंपणात शिरायची, तेव्हा तो नुसता बघत उभा राहायचा. ओठ हलत नसत, बोट हलत नसे. शेवटचं मेंढरू आत गेलं की म्हणायचा, "एक कमी हाय. करड्या कानाची." आणि ती खरंच ओढ्याकाठच्या काट्यांत अडकलेली सापडायची.

एका वर्षी डोंगरावरचं गवत करपून गेलं. चारा नगरातल्या बाजारात मिळे, पण चांदीची नाणी मोजून. मेंढरांच्या बरगड्या दिसू लागल्या.

त्याच दिवसांत एक म्हातारी कासारीण बांगड्या भरायला आली. ती वर्षातून दोनदाच यायची. तिने मेंढपाळाचं मोजणं पाहिलं आणि बांगडी हातातच धरून ती बघत राहिली.

"लेका, तुला गुंजा मोजता येतील का रं?" तिने विचारलं.

मग तिने सांगितलं. नगरात एक जुगारघर होतं. तिथे माठात तीस लाल आणि तीस पांढऱ्या गुंजा टाकत. एकेक गुंज बाहेर काढायची, आणि ती कुठल्या रंगाची निघेल यावर लोकांनी पैज लावायची. काढलेली गुंज माठ रिकामा होईपर्यंत परत आत टाकत नसत. म्हणजे कोणत्या किती निघाल्या हे ज्याच्या ध्यानात राहील, त्याला माठाच्या तळाशी काय उरलंय ते न बघताच कळायचं.

"पण तिथला कायदा ऐक," म्हातारी म्हणाली. "मोजून खेळणारा सापडला, की त्याची समदी जनावरं जुगारघराच्या मालकाची. म्हणून मोजण्यापरीस, जायचं कितींदा हे कळाय पायजे. मी तरुणपणी सहा महिन्यांतनं एकदाच जायची."

"आन् सहा महिन्यांतबी ते इसरले न्हाईत, तर?"

"दारात एक कुत्रं हाय. अनोळखी माणसावर भुंकतं. भुंकलं की खुशाल आत जा. ज्या दिशी शेपूट हलवंल, त्या दिशी आल्या पावली माघारी फीर."

म्हातारीने उसनं दिलेलं एक नाणं घेऊन मेंढपाळ गेला. कुत्रा घसा बसेपर्यंत भुंकला. आत मेंढपाळ गप्प बसून राहिला आणि माठ तळाला आल्यावर खेळला. त्या एका दिवसात त्याने चार महिन्यांचा चारा जिंकला.

आता तुम्ही म्हणाल, त्याला हाव सुटली असेल. नाही हो! हाव सुटलेली माणसं निदान रात्री झोपतात तरी. या बिचाऱ्याला भीतीने धरलं.

चौथ्या दिवशी समोरच्या टेकडीवरून दोन घोडेस्वार गेले. ते आपल्या वाटेने निघून गेले, पण मेंढपाळाचा घास हातातच राहिला.

"माझ्याच मेंढरांकडं बघत होते त्ये," तो म्हणाला.

"अवं, रस्ता हाय तो. माणसं जाणारच," बायको म्हणाली.

पण त्याला चैन पडेना. त्यांना कळलं असेल का? मालकाने आपल्याकडे पाहून मान का हलवली होती? बाराव्या दिवशी त्याने पागोटं बांधलं.

"खेळाय न्हाई जात," तो बायकोला म्हणाला. "कुणाला संशय आलाय का, येवढं बघून येतो."

दारात कुत्रा पुन्हा भुंकू लागला. ओट्यावरची माणसं वळून बघू लागली. हा आता सगळ्या नगराला गोळा करणार, असं मेंढपाळाला वाटलं. त्याने फडक्यातली अर्धी भाकरी काढून कुत्र्यापुढे टाकली, आणि हलकेच जीभ टाळ्याला लावून टक् केलं. कुत्र्याला गप्प कसं करायचं, हे मेंढपाळाला कोणी शिकवायला हवं का? कुत्रा गप्प झाला.

आत कोणी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. न खेळता बसणं बरं दिसेना, म्हणून तो खेळला आणि जिंकला. घरी आल्यावर तीन रात्री शांत झोपला.

चौथ्या दिवशी नवीन काळजी उगवली. त्यांनी पाहिलं नाही, की न पाहिल्यासारखं केलं? आठव्या दिवशी तो पुन्हा बघायला गेला. मग त्यानंतर सहाव्याच दिवशी. जाताना भाकरी न्यायला मात्र विसरला नाही.

"आज कुत्रं भुंकलं का?" बायको दरवेळी विचारायची.

"भुंकलं की. जरासं."

"अन् शेपूट?"

"माशा लई झाल्यात तिथं," तो म्हणायचा आणि मेंढरं मोजायला उठायचा. आता तो ती दिवसातून पाच वेळा मोजत होता.

बायकोने एकदा त्याची वाट अडवली. "चारा वरीसभर पुरंल येवढा झालाय. आता कशापायी जाता?"

"त्यांनी वळखलं न्हाई, ह्ये कळल्याबिगर मला जगवत न्हाई गं!" तो कळवळून म्हणाला.

ओळखू येऊ नये म्हणून त्या दिवशी त्याने मिठाच्या व्यापाऱ्याचा वेष घेतला. रेशमी पागोटं, लांब अंगरखा, कानाला अत्तर. आरशात बघून त्याला स्वतःचीच ओळख पटली नाही.

जुगारघराचा मालक दारातच उभा होता. "या शेठ, या," तो वाकून म्हणाला. "आमच्या नगरात पहिल्यांदाच आलात वाटतं?"

"हो, पहिल्यांदाच," मेंढपाळ म्हणाला.

तेवढ्यात कुत्रा धावत आला. त्याने व्यापाऱ्याच्या पायांत लोळण घेतली, कुईकुई केली आणि अंगरख्याच्या खिशात नाक खुपसलं. शेपूट अशी हलत होती की मागचं अर्धं अंग त्याबरोबर हलत होतं.

मेंढपाळाला म्हातारीचे शब्द आठवले. आल्या पावली फिरावं, असं फार वाटलं. पण मालक बघत होता. आत्ता पळालो तर सगळंच उघडं पडेल, असं वाटून तो आत गेला.

मालक त्याच्या शेजारी येऊन बसला. निम्म्याहून जास्त गुंजा निघून गेल्या तरी व्यापाऱ्याने एकही पैज लावली नाही. माठात सहाच गुंजा उरल्या, तेव्हा त्याचा हात पुढे झाला. मालकाने तो अलगद धरला.

"शेठ, नशिबावर खेळणारा माणूस माठ तळाला जाईपर्यंत थांबत नाही. आणि पहिल्यांदा येणाऱ्याच्या खिशात काय आहे, ते माझ्या कुत्र्याला ठाऊक नसतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मालकाची माणसं डोंगरावर आली. त्यांच्याबरोबर कुत्राही आला आणि धावत जाऊन मेंढपाळाला बिलगला.

"ह्यानंच वळखलं व्हय तुमास्नी?" बायकोने विचारलं.

"त्याचा काय दोष? म्याच जाऊन जाऊन वळख दिली त्याला."

माणसांनी कुंपणाचं फाटक उघडलं. मेंढरं धक्काबुक्की करत बाहेर पडली. मेंढपाळ सवयीप्रमाणे बघत उभा राहिला. ओठ हलले नाहीत, बोट हललं नाही. शेवटची करड्या कानाची मेंढी बाहेर पडली आणि वळणाआड गेली.

"किती?" बायकोने हळूच विचारलं.

"बहात्तर," तो म्हणाला. "एकबी कमी न्हाई."

तात्पर्य : जी भीती घालवायला माणूस पुन्हा पुन्हा त्याच दारात जातो, ती एक दिवस तिथूनच खरी होऊन त्याच्या घरी येते.