पॅडल न मारता

हृदयविकारातून उठलेल्या मालिनीताई जोगळेकरांना डॉक्टरांनी सांगितलं होतं, नाडी वाढू द्या, पण बेताने. म्हणून सत्तरीत त्यांनी इलेक्ट्रिक सायकल घेतली. घाटात एकटीने जायची मात्र भीती वाटे. सायकल मंडळासोबत निघाल्या, तर अध्यक्ष रणनवरे यांनी यवतेश्वर घाटाच्या पायथ्याशीच अडवलं. "घाट मोटर चढते, तुम्ही नुसत्या बसता. हा व्यायाम नव्हे."

"मग तुम्हीच बसून वर जा," सायकल पुढे करत ताई म्हणाल्या. "फक्त पॅडल मारू नका."

रणनवरे ऐटीत बसले. सायकल जागची हलेना. पॅडल मारल्याशिवाय तिची मोटर चालतच नसे. मंडळी हसली. रणनवरे ओशाळून उतरले. "चला ताई, पुढे व्हा."

माथ्यावर ताईंनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं. नाडी वाढली होती, पण बेतानेच. सोबतीला माणसंही होती. कित्येक महिन्यांनी त्यांनी निर्धास्त श्वास घेतला.