सदतिसावा श्लोक

एका विद्यापीठात एकदा एक विद्यार्थिनी एका प्राचीन संस्कृत काव्यावर पदवीचा प्रबंध लिहीत होती. त्या वर्षी हा विषय घेणारी ती एकटीच. मैत्रिणी केव्हाच पोटापाण्याच्या विद्यांकडे वळलेल्या. दिवसभरात तिच्याशी बोलणारा माणूस म्हणजे ग्रंथालयाचा शिपाई, तोही "पाच वाजले, ताई" एवढेच बोलणारा. एकटेपणाने ती पार कोमेजून गेली होती.

त्यात सदतिसावा श्लोक अडला. पंधरा दिवस डोकेफोड करूनही अर्थ लागेना. टीका पाहाव्यात, तर तिन्ही प्राचीन टीकाकारांनी तिथे एकच शब्द लिहिलेला: 'स्पष्टम्'. तिच्या गुरुजींनी तरुणपणी याच काव्याची नावाजलेली आवृत्ती काढली होती. तिच्यातही 'अर्थ स्पष्ट'. इतक्या जणांना जे स्पष्ट, ते आपल्यालाच कळू नये? आपण या विद्येला नालायक, असे तिच्या मनाने घेतले. मग तिनेही 'अर्थ स्पष्ट' असे लिहून टाकले, आणि एवढे सादर करून हा विषय कायमचा सोडायचा, असे ठरवून प्रबंध गुरुजींपुढे ठेवला.

गुरुजींनी नेमके तेच पान काढले. मग उठून त्यांनी फडताळातली स्वतःची आवृत्ती आणली, तिच्यातले 'अर्थ स्पष्ट' हे शब्द खोडले आणि समासात लिहिले, 'अर्थ मला लागलेला नाही.'

ती चकित झाली. "गुरुजी, हे काय केलंत?"

"चाळीस वर्षांपूर्वीच करायला हवं होतं," ते म्हणाले. "या श्लोकापाशी मी महिनाभर बसलो होतो. तिघांना कळलं, मीच अडाणी, असं वाटलं. लाजेपोटी मीही तेच लिहिलं. आता वाटतं, त्या तिघांचंही असंच झालं असेल. शतकानुशतकं माणसं एकाच जागी अडली, आणि प्रत्येकाला वाटलं, आपण एकटेच. एकानं जरी खरं लिहिलं असतं, तर पुढच्याला सोबत झाली असती. तुझी सोबत मी चोरली, पोरी."

तिचे डोळे भरून आले. तिने लेखणी घेतली, आपले शब्द खोडले आणि लिहिले, 'या श्लोकाचा अर्थ मला लागलेला नाही.'

"आता बैस," गुरुजी म्हणाले. "पहिला चरण वाच."

तिने वाचला. अर्थ अजूनही लागत नव्हता. पण आज त्याच ओळीवर अडलेले आणखी कोणीतरी तिच्या शेजारी बसले होते.