रेवतीने पाय टेकला

एका माळावरच्या गावाला सायकल पोलोचं भारी वेड होतं. माणसं जेवायचं विसरतील, पण चाकात हवा भरायचं विसरणार नाहीत! चार-चार जणांचे दोन संघ. डावा हात हँडलवर, उजव्या हातात लांब काठी, आणि काठीने चेंडू मारून गोल करायचा. चेंडूमागे सरळ निघालेल्याची वाट कुणी अडवायची नाही. पाय जमिनीला लागला, तर दोन्ही पाय पुन्हा पायडलवर येईपर्यंत चेंडूला काठी लावायची नाही. सायकलींना ब्रेक नसत. चटकन थांबायचं, तर पाय टेकण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

गावाच्या संघात रेवती नवी होती. शेजारच्या गावाशी सामना होता त्या दिवशी कप्तानाने तिला बजावलं, "आज गोल केलास तर संघातली चौथी जागा कायमची तुझी. नाहीतर दुसरं कुणी बघतो."

रेवतीचा जीव त्या जागेत अडकला होता.

सामना संपत आला. दोन्ही संघ बरोबरीत. चेंडू रेवतीपुढे आला आणि ती सुसाट सुटली. समोर मोकळा गोल! इतक्यात तिला गाठायला धावलेल्या पलीकडच्या गड्याचं चाक घसरलं आणि तो नेमका तिच्या वाटेत आडवा झाला. नियमाने वाट तिची होती. एक फटका, की गोल. पण फटका मारायचा तर सायकल त्याच्या अंगावरून जाणार होती.

रेवतीने पाय टेकला.

सायकल त्याच्या डोक्यापासून वीतभर अंतरावर थांबली. चेंडू त्याच्या साथीदाराने पळवला, गोल केला आणि रेवतीचं गाव हरलं.

"अगं, गोल समोर होता!" कप्तान कडाडला.

"होता ना, दादा," रेवती रडवेली होऊन म्हणाली. "पण त्याच्या आधी तो होता."

संध्याकाळी कप्तानाने उरलेल्या दोघांना विचारलं, "चौथी जागा कुणाला द्यायची?"

"रेवतीला," दोघंही म्हणाले.

"तिच्यामुळे हरलो आपण!"

"हरलो खरं," त्यांच्यातला थोरला म्हणाला. "पण दादा, आता ती मागून येत असली, की मला पडायची भीती वाटणार नाही."

कप्तान उठला. थेट रेवतीच्या घरी गेला आणि म्हणाला, "पोरी, उद्या सकाळी सरावाला ये. माझ्या मागे तूच राहा."

तात्पर्य: जो दुसऱ्यासाठी थांबतो, त्याच्या सोबतीने सगळे बिनधास्त धावतात.