करंजखेलच्या देवळाचा उंबरठा

करंजखेलच्या दगडी ख्रिस्तमंदिरात शिरताना प्रत्येक जण उंबरठ्याशी थांबतो, दोन्ही तळहात उघडे करून पुढे धरतो आणि मगच पाऊल आत टाकतो. नवख्या पाहुण्यांनी कारण विचारलं, की मंदिराची राखण करणारे शमुवेलबाबा त्यांना पायरीवर बसवून तबीथाबाईची हकिगत सांगतात.

तबीथाबाई मंदिर झाडायची, सारवायची. त्या काळी विहिरीच्या पाण्यावरून वरची आळी आणि खालची आळी यांच्यात वैर पेटलं होतं. एका दुपारी विहिरीवर दगडफेक झाली आणि तबीथाबाईचा एकुलता एक मुलगा अमोस जागीच गेला. दगड कुणाचा, ते कुणी कबूल केलं नाही. पण तिनं पाहिलं होतं. तो खालच्या आळीतल्या नाथानानं मारला होता.

पुढच्या वर्षी येशूच्या पुनरुत्थानाच्या सणाला, ईस्टरला, मंदिरात प्रभुभोजन होतं; दोन्ही आळ्या एकाच भाकरीतून आणि एकाच प्याल्यातून घेणार होत्या. सकाळी पायऱ्या धुताना तिला वरच्या आळीच्या माणसांच्या घोंगड्यांखाली कोयते दिसले. खालच्या आळीचे लोकही तसेच येत होते. ती धावत आत गेली. मेजावर भाकर आणि प्याला मांडून वर पांढरं कापड झाकलेलं होतं.

तिनं पाहिलेलं सांगताच मंदिराच्या पाळकसाहेबांचा चेहरा उतरला. "मावशी, माझं कोण ऐकणार?"

"माझंही ऐकणार नाहीत," ती म्हणाली आणि दारात जाऊन आडवी उभी राहिली.

"हात दाखवा. हे देवाचं घर आहे. तो पवित्र आहे. कोयता घेऊन इथं कुणी शिरायचं नाही."

कुणी हललं नाही. दोन्ही आळ्या समोरासमोर उभ्या. मुठी घोंगड्यांखाली आवळलेल्या. एक शिवी पडली असती, तरी पायरी रक्तानं भिजली असती, असं सांगतात.

तेवढ्यात नाथान पुढे आला. तिच्या ओच्यात काहीतरी जड बांधलेलं त्याला दिसलं होतं. "आधी तुझ्या ओच्याची गाठ सोड, मावशी."

अमोसच्या उशाशी पडलेला तो दगड तिनं उचलला होता. वर्षभर ओच्यात बांधून ती दर रविवारी प्रार्थनेला बसत होती. एक दिवस तोच दगड नाथानाच्या कपाळात घालायचा, अशी तिची शपथ होती. लोकांपासून तिनं तो लपवला होता. पण ज्या देवाच्या घरात बसत होती, त्याच्यापासून?

तिनं गाठ सोडली. दगड उंबरठ्यावर ठेवला आणि रिकामे तळहात पुढे केले.

नाथानानं दगड ओळखला. त्याच्या हातातला कोयता खळकन खाली पडला. "मीच मारला होता, मावशी."

"मला ठाऊक आहे."

तिनं त्याला जवळ घेतलं नाही, रडलीही नाही. मग बाजूला सरली आणि त्याला आत जायला वाट दिली. मागोमाग पायरीवर कोयत्यांचा ढीग पडला.

आजही प्रभुभोजनाच्या एखाद्या रविवारी कुणी उंबरठ्याशी हात पसरतो, थबकतो आणि मागे फिरतो. त्याला कुणी काही विचारत नाही. ज्याच्याशी त्याचं बिनसलेलं असतं, त्याच्या दारी जाऊन तो परत येईपर्यंत पाळक मेजावरचं पांढरं कापड उचलत नाहीत.