बांधावरची हातभर जागा

फार मागची गोष्ट आहे. किती मागची ते विचारू नका, मलाही सांगता यायचं नाही. एका डोंगराच्या कुशीत गाव होतं आणि गावाच्या वरच्या अंगाला तळं. तळ्याला मातीचा बांध. बांध शाबूत तर गाव शाबूत, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही कळत होतं.

म्हणून त्या गावाची एक रीत होती. मूल जन्मलं की बांधावरची हातभर जागा त्याच्या नावाची व्हायची. दरवर्षी पावसाआधी ज्याने त्याने आपली जागा ओल्या मातीने लिंपायची आणि वर आपला पंजा उमटवायचा.

एका उन्हाळ्यात डोंगरावर एक महाराज आले. आवाज असा गोड, की ऐकणाऱ्या बाईची तव्यावरची भाकरी करपायची. ते म्हणाले, "येत्या आश्विनातल्या पुनवेला जग बुडणार. माझ्यापाशी वर राहतील तेवढेच वाचतील."

बरीच माणसं त्यांच्यामागे गेली. वेडी नव्हती हो ती, दुखावलेली होती. गिरजा नावाच्या तरुण मुलीचा नवरा तापाने गेला होता. महाराज तिला म्हणाले, "नव्या जगात तो तुला भेटेल." आणखी काय हवं होतं तिला? वर जाताना आपली चूल फोडून जायचं, असा महाराजांचा नियम होता. गिरजाने फोडली. तिची म्हातारी आई दारात उभी राहून बघत होती.

पाऊस पडून गेला, तळं काठोकाठ भरलं. पुनवेचा चंद्र उगवला आणि मावळला. जग होतं तिथेच होतं. सकाळी कोंबडासुद्धा आरवला.

खरं तर सगळ्यांनी तेव्हाच घरी यायचं. पण चुली फोडून आलेली माणसं कोणत्या तोंडाने उतरणार? आणि महाराज तरी कोणत्या तोंडाने त्यांना जा म्हणणार?

महाराज म्हणाले, "जग बुडणारच होतं. खालच्या पाप्यांनी ते अडवून धरलंय. आता आपणच बांध फोडायचा. तुम्ही वर आलात, तुमच्या जागा यंदा कुणी लिंपल्या नसतील. तिथे बांध कच्चा असेल."

एक म्हातारा चाचरत म्हणाला, "महाराज, खाली माझी नातवंडं आहेत."

"ती मेलीच असं समज," महाराज म्हणाले. आवाज तेवढाच गोड होता.

म्हाताऱ्याने कुदळ उचलली. बाकीच्यांनीही आपापल्या कुदळी उचलल्या.

भर दुपारी, गाव जेवून लवंडलं असताना, ही माणसं बांधावर उतरली; महाराज वरच थांबले. गिरजा सगळ्यांत पुढे होती. आपली जागा तिने बरोबर ओळखली आणि ती थबकली. जागा नीट लिंपलेली होती. पावसाने खरवडलेल्या कडेवर तिची आई ओली माती थापत बसली होती.

"आई, माझी जागा तू लिंपलीस?"

"तुझी, आणि वर गेलेल्या सगळ्यांची." आईने कुदळीकडे पाहिलं. समजायचं ते ती समजली, पण उठली नाही की ओरडली नाही. "पंजा मात्र मी उमटवला नाही हो. तो तुझा तू उमटव. माती ओली आहे अजून."

"मी चूल फोडलीय, आई."

"मग नवी घालू. मातीचीच तर असते."

"लोक हसतील."

"हसतील की. चार दिवस हसतील, मग जेवायला वाढतील."

गिरजाच्या हातून कुदळ गळून पडली. तिने गुडघे टेकून मातीवर पंजा ठेवला आणि ती हमसून हमसून रडली. मागून तो म्हातारा आला. "माझी जागा कुठली गं?" त्याने विचारलं. दोघातिघांनी तरीही कुदळी उगारल्या, पण त्यांचे हात बाकीच्यांनी धरून ठेवले.

गाव खरंच चार दिवस हसलं. मग घरोघरी नव्या चुली पेटल्या आणि गावातली पोरंबाळं जिवंत राहिली. डोंगरावर महाराज एकटे उरले आणि एक दिवस कुठेतरी निघून गेले. त्यांची जागा कुणीच कुठल्या बांधावर राखली नव्हती की काय, असं मनात येऊन मला त्यांचंही कधी कधी वाईट वाटतं.

तात्पर्य: चुकलेल्या माणसाला परतायला जागा राखून ठेवावी, ती नसली की आपलं खोटं खरं करण्यासाठी तो जग बुडवायला निघतो.