भिंतीत कोंडलेला चोर

भर पौषात, आभाळात ढगाचा ठिपकाही नसताना, तुंगगडच्या राजा रणधीरदेवाच्या नव्या लाकडी महालाच्या भिंती गळू लागल्या.

गड इतका उंच, की पहाटे अंगणातल्या परातीत पाणी गोठायचं. म्हणून भिंती दुहेरी फळ्यांच्या केल्या होत्या आणि मधल्या पोकळीत मेंढीची लोकर ठासली होती. एक फळी उचकटून पाहिली, तर लोकर ओलीचिंब आणि बाहेरच्या फळीला बुरशी.

"सुताराचं काम कच्चं," राजाची बांधकामं पाहणाऱ्या राजस्थपती दिगंबरशास्त्र्यांनी निकाल दिला. शास्त्रीबुवांनी जन्मात रंधा हातात धरला नव्हता, पण तो कसा धरावा यावर तीन पोथ्या लिहिल्या होत्या. "मी स्वतः उभं राहून बाहेरून मेणकापड ठोकून घेतलं, बैलगाडीवर घालतात तसं. तरी पाणी शिरतंय, म्हणजे या मालोबाने फटी ठेवल्यात."

राजा शिंकला. महिनाभर तो शिंकतच होता.

"मालोबा, पाऊस नाही, दव नाही, मग माझ्या भिंतीत पाणी आणतो कोण? उद्या सकाळी तो चोर माझ्यासमोर उभा कर. नाही जमलं तर तुझी हत्यारं विहिरीत आणि तू गडाखाली."

मालोबाची करवत आजोबांच्या हातची होती. तो घरी येऊन तिच्यावरून नुसता हात फिरवत बसला. त्याची मुलगी सगुणा मोठी भित्री. मागे वाटी पडली तरी दचकायची. पण नजर तिखट.

"बाबा, महाराज आंघोळ कुठे करतात?"

"महालातच. शेगडी पेटवून, खिडक्या लावून, घंगाळभर कढत पाण्याने. तुला काय करायचंय?"

"उद्या मी येते. परात घेऊन."

सकाळी दरबारात पहारेकऱ्याचा भाला जमिनीवर आपटला आणि सगुणा केवढ्यानं तरी दचकली. शास्त्रीबुवा खदखदून हसले. "ही चोर पकडणार?"

"दचकणाऱ्याला आवाज तरी ऐकू येतो, शास्त्रीबुवा," ती हळूच म्हणाली आणि अंगणात गारठलेली पितळी परात राजापुढे धरली. "महाराज, हिच्यावर जरा तोंड उघडून श्वास सोडा."

राजाने सोडला. परात धुरकटली. पुन्हा सोडला, पुन्हा सोडला. एक थेंब जमला आणि ओघळत खाली आला.

"हा चोर, महाराज."

राजाने तो थेंब बोटाने टिपून पाहिला.

"म्हणजे मी?" राजा म्हणाला.

"आपला श्वास. आणि आंघोळीची वाफ. फळ्यांच्या सांध्यांतून ती लोकरीत शिरते, आणि पलीकडच्या गार अंगाला टेकली की तिचं पाणी होतं."

"अगं मूर्ख पोरी," शास्त्रीबुवा कडाडले, "म्हणून तर मेणकापड लावलंय! वाफ जाईल कुठे?"

"तेच विचारते, बुवा. जाईल कुठे? चोर घरात आणि तुम्ही कडी लावलीत बाहेरून. तो बिचारा भिंतीत कोंडला गेला आणि तिथेच रडत बसला."

राजाची मिशी हलली, पण त्याने ती आवरली. "ठीक. आठ दिवस देतो. मी श्वास घेणार, शेगडी पेटणार, आंघोळही इथेच होणार. तरी भिंत कोरडी हवी. विहीर लांब नाही, लक्षात ठेव."

बापलेकींनी बाहेरचं मेणकापड ओरबाडून काढलं, म्हणजे उरलीसुरली ओल बाहेर निघून जाईल. लोकर बदलली. मग आतल्या फळ्या काढून, लोकरीच्या उबेकडच्या, म्हणजे खोलीकडच्या अंगाला नवं मेणकापड बसवलं. एका पट्टीवर दुसरी वीतभर चढवायची, सांध्यावर मेण आणि राळ कढवून ओतायची, तुळईभोवती गुंडाळून घ्यायची. सगुणा प्रत्येक सांध्यापाशी कोंबडीचं पीस धरायची. पीस हललं की पुन्हा राळ.

"पुरे की गं, केसाएवढी तर फट आहे," मालोबा वैतागायचा.

"बाबा, या चोराला दार लागत नाही."

फळ्या पुन्हा ठोकल्या त्याच दिवशी शास्त्रीबुवा पाहणीला आले. ऊन नव्हतं, पण विद्वत्तेने डोकं तापलेलं. पगडी काढून ठेवायला त्यांनी भिंतीत एक लांब खुंटी ठोकून घेतली.

"बुवा, तिथे नका..." सगुणा पुढे झाली.

"गप्प! सुताराच्या पोरीने मला शिकवायचं?"

ती दचकून मागे सरली.

नवव्या सकाळी राजाने स्वतः फळ्या उचकटायला लावल्या. पहिली जागा कोरडी. दुसरी कोरडी. तिसऱ्या जागची लोकर तर राजाने गालाला लावून पाहिली. मालोबाने आठ दिवसांत पहिल्यांदा नीट श्वास घेतला, तोच शास्त्रीबुवा कोपऱ्यातून ओरडले, "इकडे या महाराज! ही फळी काढली, बघा! हातभर ओल! बोलावा विहिरीवरच्या गड्याला!"

मालोबाचा चेहरा उतरला. सगुणा जवळ गेली. तिने ओली लोकर चाचपली आणि मेणकापड फोडून त्या लोकरीतून आरपार गेलेलं खुंटीचं टोक राजाला दाखवलं.

"महाराज, एवढ्या मोठ्या भिंतीत चोर नेमका इथूनच का शिरला, हे मी कशाला सांगू? त्याने आपली पगडी शेजारच्या फळीवर लटकत ठेवली आहे. आणि मला गप्प बसायला सांगितलंय."

राजाने पगडीकडे पाहिलं, मग शास्त्रीबुवांच्या टकलाकडे. आणि तो असा हसला, की भाले धरलेले पहारेकरीही हसू लागले. हसता हसता तो थांबला. आज सकाळपासून एकही शिंक आली नव्हती.

"खुंटी उपटा, भोक बुजवा," तो डोळे पुसत म्हणाला. "मालोबा, हत्यारं घरी ने आणि वर्षाचं धान्य कोठारातून उचल. आता राहिली पगडी. भिंतीवर तिला जागा नाही आणि बुवांच्या डोक्यात तर त्याहून नाही. सगुणा, पुढे ये."

राजस्थपतीची पगडी सगुणाच्या पार कानांपर्यंत आली.