अर्धी वेणी

"यात काय कमी आहे, तेवढं सांगा मेस्त्री. एका शब्दात सांगितलंत तरी चालेल."

केतकी शिरगुप्पेनं चित्र बाबालाल मेस्त्रींच्या पुढ्यात ठेवलं. सिनेमासिकाच्या भयपट विशेषांकाचं मुखपृष्ठ. तिचं पहिलंच. चार वाजेपर्यंत ते छापखान्यात पोचलं नाही, तर संपादक अंकातल्या मुख्य सिनेमातला एखादा फोटो लावून मोकळे होणार होते. त्यांची अट एकच होती, मेस्त्रींचा होकार आण.

केतकीला कलाशाळेचं सुवर्णपदक होतं. कोल्हापुरातल्या थिएटरांचे बॅनर रंगवण्यात हयात घालवलेल्या, चौथी शिकलेल्या म्हाताऱ्याचा होकार कशाला हवा, हे तिला कळत नव्हतं.

म्हणजे, अंगणात पाऊल टाकेपर्यंत कळत नव्हतं. तिथं भिंतीला एक जुना बॅनर टेकून उभा होता. त्यावरच्या बाईचा एकेक डोळा परातीएवढा. जवळून पाहिलं तर नुसते रंगाचे फटकारे... दहा पावलं मागं सरकलं की ही बाई आत्ता रडणार, असं वाटायचं. केतकी तीनदा मागंपुढं झाली होती.

मेस्त्रींनी चित्र नीट पाहिलं. कवटीसारखा चंद्र. रक्त. नखं. सुळे.

मग त्यांनी हातातला चहाचा कप चित्रातल्या हडळीच्या तोंडावर ठेवला.

"अहो मेस्त्री! मूळ चित्र आहे ते!"

"घाबरलीस?"

"चित्र खराब होईल म्हणून!"

"म्हंजे चहाला घाबरलीस. हिला तूही घाबरली नाहीस, मीही नाही."

मेस्त्रींनी कप उचलला. सुळ्यांभोवती तपकिरी वर्तुळ उमटलं होतं.

"ही कोण?"

"भूत."

"मरायच्या आधी कोण होती?"

"सिनेमातल्या मुलीची आई... मेल्यावर ती रोज परत येते."

"कशाला?"

"मुलीची वेणी घालायला."

"मग सुळे कशाला दिलेस गं तिला? वेणी काय दातांनी घालतात?"

केतकीच्या नाकाच्या शेंड्यावर राग आला.

"लोक घाबरले पाहिजेत मेस्त्री. नुसती आई काढली तर घाबरणार कोण?"

आत वळून मेस्त्रींनी बायकोला हाक मारली, "हमीदा, जरा भाईर ये. ह्या पोरीची वेणी घाल."

हमीदाचाची पदराला हात पुसत आल्या. केतकीचे केस बघून म्हणाल्या, "अगं बया! चिमणीनं टाकून दिलेलं घरटं हे. रात्रभर जागलीस जणू?"

"चाची, खरंच वेळ नाही मला..."

"बस की गप. वेणीला असा किती वेळ लागतोय?"

केतकी धुसफुसत बसली. चाचींनी गुंता सोडवला, एकदाही न ओढता. तीन पेड पडले. बोटं मऊ होती, सवयीची. वसतिगृहाच्या चार वर्षांत तिच्या केसांना दुसऱ्या कुणाचा हात लागला नव्हता. तिची मान आपोआप सैल झाली. डोळे मिटले.

मेस्त्री समोर बसून बघत होते. बऱ्याच वेळानं हळूच म्हणाले,

"डोळे उघडू नकोस. आता समज... मागं कुणी नाही."

बोटं थांबली नाहीत.

केतकीच्या मानेवर सर्रकन काटा आला.

वेणी पुरी झाली, चाची आत गेल्या, तरी ती काही क्षण तशीच बसून होती. मग तिनं कोरा कागद पुढं ओढला.

या वेळी तिनं एक मुलगी काढली. डोळे मिटलेली, सुखावलेली. मागं रिकामी भिंत. अर्धी घातलेली वेणी हवेत उचललेली, आणि ती घालणारे हात कुठंच नाहीत. रक्ताचा थेंबसुद्धा नाही.

मेस्त्रींनी एकदाच तिच्या हातातून ब्रश घेतला. तिसऱ्या पेडावर एक फटकारा मारला आणि ब्रश परत दिला. पेड असा ताणला गेला, की तो कुणीतरी धरलाय यात शंका उरली नाही. केतकी त्या फटकाऱ्याकडे बघतच राहिली. चार वर्षं आपण रेषा शिकलो म्हणजे नेमकं काय शिकलो, असं तिला वाटलं.

तीन वाजले. मेस्त्रींनी रंग सुकल्याची खात्री केली, चित्र दोन पुठ्ठ्यांमध्ये घालून सुतळीनं बांधलं आणि तिच्या हातात दिलं.

केतकी दारापर्यंत गेली आणि थबकली.

"मेस्त्री, खरं सांगा. एवढ्यानं लोक घाबरतील? आणि घाबरले तर अंक हातात धरतील?"

"मागं कुणी नाही म्हटलं, तेव्हा काटा आला तुझ्या मानेवर. मी बघितला."

"आला ना."

मेस्त्री ब्रश धूत होते. पाणी निवळेपर्यंत धूत राहिले...

"मग उठली का नाहीस?"